दोन गाणी शेजारी ठेवून ऐकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमचा एक छोटा श्रवणवर्ग आहे. आठवड्यातून एकदा जमायचं, दोन-तीन रचना ऐकायच्या आणि त्यांवर बोलायचं. येणाऱ्यांत संगीत विषय घेऊन बी. ए., एम. ए. करणारी मुलं आहेत, विशारदला बसलेल्या गृहिणी आहेत आणि नुसतं ऐकायची आवड म्हणून येणारे निवृत्त लोकही आहेत. ‘दोन भिन्न संगीतरचनांचा त्यांच्या संदर्भांसह तुलनात्मक अभ्यास’ असा प्रकल्प हातात पडला की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुलना म्हणजे दोन्ही गाण्यांची माहिती एकाखाली एक लिहायची, असंच ना?

नाही. तसं केलं तर दोन निबंध होतात, तुलना होत नाही. एका गाण्यामुळे दुसऱ्यातलं काहीतरी नव्याने ऐकू यायला लागलं, की तुलना सुरू झाली. बंदिशीत गायिका एका ओळीभोवती किती वेळ फिरते, हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही, कारण आपल्याला त्याची सवय असते. शेजारी कडव्यामागून कडवं पुढे जाणारं गाणं ठेवलं की ते फिरणं लगेच जाणवतं. असं जाणवलेलं एक वाक्य चरित्राच्या दोन पानांपेक्षा मोलाचं आहे.

२. मला नोटेशन येत नाही, राग ओळखता येत नाही. हा अभ्यास जमेल का?

जमेल. आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो, शब्द कधी स्पष्ट आहेत आणि कधी विरघळतात, ठेका कधी सुरू होतो, एवढं ऐकायला स्वरलिपी लागत नाही. रागाचं नाव पुस्तकात मिळतं. ‘एक मिनिट दहा सेकंदांना गायिका ओळ अर्ध्यात सोडते’ हे मात्र तुमच्याच कानांनी टिपायचं असतं. परीक्षेला स्वरलेखन मागितलं असेल तर एखाद्या जाणकाराची मदत घ्या, पण ऐकून मगच जा.

३. जोडी कशी निवडायची? ‘भिन्न’ म्हणजे जितकं वेगळं तितकं चांगलं का?

गाणी वेगळी हवीत, पण त्यांच्यात एखादा धागा सामाईक असावा. काहीच सामाईक नसेल तर ‘हे असं आहे, ते तसं आहे’ यापलीकडे हात जात नाही.

कोल्हापूरकरांना असे धागे शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘मानापमान’ नाटक १९११ साली रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, तेव्हा कंपनी कोल्हापुरातच होती. त्याचंही संगीत टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. संगीतकार एकच, एकीकडे रंगमंच आणि दुसरीकडे कॅमेरा. या जोडीतलं एकेक पद घेतलंत तर ‘माध्यम बदललं की गाण्याचं काय होतं’ हा प्रश्न तुमच्यासमोर आपोआप उभा राहतो.

धागा गावाचा चालेल, संगीतकाराचा चालेल, विषयाचा चालेल, गाण्याच्या लांबीचाही चालेल. ‘मला दोन्ही आवडतात’ हा मात्र पुरेसा धागा नाही.

४. वर्गात तुम्ही नेहमी जी जोडी ऐकवता, ती कोणती आणि तीच का?

सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आणि ‘साधी माणसं’ चित्रपटातलं ‘ऐरणीच्या देवा तुला’.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली, ती १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक होते. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती त्यांच्या कोल्हापुरातल्या वास्तव्यामुळे. १९२२ साली महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब मात्र कोल्हापुरातच राहिले.

‘साधी माणसं’ १९६५ सालचा, भालजी पेंढारकरांचा. एका लोहार जोडप्याची गोष्ट. पडद्यावर जयश्री गडकर आणि सूर्यकांत. गीत जगदीश खेबुडकरांचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या कवीचं. आवाज लता मंगेशकरांचा आणि संगीत ‘आनंदघन’ यांचं (आनंदघन कोण, ते प्रश्न १२ मध्ये).

आता धागे बघा. दोन्ही रचनांच्या मागे कोल्हापूर आहे, एकीच्या मागे दरबार आणि दुसरीच्या मागे स्टुडिओ. दोन्हींत एकट्या बाईचा आवाज आहे. दोन्ही काही मिनिटांत संपतात. फरक मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्टीत आहे. भैरवीत शब्द ब्रज वळणाचे आणि मोजके. ते एकदा सांगून झाले की पुढचं काम आकाराचं (म्हणजे ‘आ’ लावून गाण्याचं), बोलांचं, तानेचं. ‘ऐरणीच्या देवा’त शब्द थांबू देत नाहीत. ‘ठिणगी ठिणगी’ हा शब्द दोनदा येतो, तो अर्थासाठी येतोच, पण घावाच्या लयीसाठीही येतो. ‘आभाळागत’सारखी बोली वापरली आहे, कारण गाणारी व्यक्ती कोण, हे ऐकणाऱ्याला पहिल्याच कडव्यात कळायला हवं. ‘जात कहाँ हो’ मध्ये बोलणारी व्यक्ती कोण, हा प्रश्न ऐकताना मनात येतच नाही. तिथे गाणाऱ्या केसरबाईच असतात.

हा शेवटचा फरक मला स्वतःला पाच-सहा वर्षं ऐकूनही दिसला नव्हता. एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘ताई, ह्या गाण्यात कोण गातंय? लता की लोहारीण?’ आणि मग भैरवीकडे वळून तेच विचारलं. त्या दिवसापासून ही जोडी मी सोडलेली नाही.

५. किती वेळा ऐकायचं?

प्रत्येक रचना निदान सहा वेळा. पहिल्यांदा हातात पेन घेऊ नका. दुसऱ्यांदा फक्त आवाज ऐका, तिसऱ्यांदा फक्त साथ. मग मिनिट-सेकंदांसह नोंदी करा. पाचव्यांदा दोन्ही रचना पाठोपाठ ऐका. सहाव्यांदा क्रम उलटा करा. क्रम उलटला की कान वेगळ्या जागी अडकतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तानपुरा आणि तबल्याचा डग्गा त्यात जवळजवळ नाहीसे होतात, आणि मग ‘साथ अगदी मंद आहे’ असं चुकीचं लिहिलं जातं.

६. सरांनी तक्ता मागितलाय : स्वर, लय, ताल, शब्द, वाद्यं, घाट. तेवढा भरला की झालं का?

तक्ता जरूर भरा, पण तो कच्चा माल समजा. तक्त्यात प्रत्येक रकाना सारख्याच वजनाचा दिसतो. प्रत्यक्षात एखाद्या जोडीत सगळा फरक एकाच रकान्यात भरलेला असतो. तो रकाना शोधा आणि त्याच्यावरच लिहा. बाकीचे दोन ओळींत संपवा.

नमुन्यासाठी आधी एक कच्चं वाक्य : ‘पहिली रचना शास्त्रीय असून दुसरी चित्रपटगीत आहे.’ यात ऐकलेलं काहीच नाही. मुखपृष्ठ वाचूनही हे लिहिता येईल.

आता पक्कं : ‘पहिल्या रचनेत ओळ परत आली की ती नवी होऊन येते, कारण प्रत्येक वेळी गायिका तिच्याकडे वेगळ्या वाटेने पोचते. दुसऱ्या रचनेत ध्रुवपद परत येतं ते आधी होतं तसंच, आणि तसंच यावं अशीच त्याची रचना आहे, कारण ती प्रार्थना आहे आणि प्रार्थनेचे शब्द बदलत नाहीत.’ या वाक्याशी कुणी असहमत होऊ शकेल. झालं तर चांगलंच आहे, त्याला परत ऐकावं लागेल.

७. ‘संदर्भ’ म्हणजे कलाकाराचं चरित्र, पुरस्कार वगैरे लिहायचं का?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात आणि सगळ्यात जास्त पानंही इथेच वाया जातात. माझा एकच निकष आहे : जो संदर्भ गाण्यात ऐकू येतो, तोच लिहायचा. केसरबाईंना १९६९ साली पद्मभूषण मिळालं हे खरं, पण ते भैरवीत कुठे ऐकू येतं? येत नसेल तर एका ओळीत उरका.

ऐकू येणारा संदर्भ कसा असतो, त्याची तीन उदाहरणं देते.

पहिलं जागेचं. शाहू महाराजांनी खासबागेशेजारी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ च्या सुमारास. आज त्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत सापडलं, तेव्हा गावात कित्येकांच्या घरी चूल पेटली नसेल इतकं वाईट वाटलं. त्या काळी रंगमंचावर मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतल्या, चार आणे देऊन बसलेल्या माणसापर्यंत पद पोचवायचं तर आवाज चढ्या पट्टीत, खुला आणि फेकीचाच हवा. जुन्या नाट्यपदांत शब्दाचा शेवट जसा लांबवर सोडलेला असतो, तो त्या इमारतीचा आवाज आहे. हे लिहिलंत तर इमारत तुमच्या अभ्यासात आली.

दुसरं तबकडीचं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. मैफिलीत तासभर चालणारी मांडणी तेवढ्यात बसवायची म्हणजे काय सोडायचं आणि काय ठेवायचं, हे गायिकेला आधीच ठरवावं लागे. त्यामुळे तबकडीवरच्या गाण्यात वाट बघणं नसतं, तान लवकर येते. एखाद्याने ‘केसरबाई आलाप कमी करतात’ असं लिहिलं, तर त्याने तबकडीच्या मर्यादेला गायिकेचा स्वभाव समजलं.

तिसरं चित्रपटाचं. पार्श्वगायनात मायक्रोफोन गायिकेच्या ओठांशी असतो. मग हलका, जवळचा, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा सूरही लाखो लोकांपर्यंत जातो. मैफिलीत मायक्रोफोनशिवाय पोचायला घडवलेला केसरबाईंचा भरदार आकार आणि ‘ऐरणीच्या देवा’तला लताबाईंचा आर्जवी सूर यांत स्वभावाचा फरक आहेच, पण यंत्राचाही आहे. शिवाय चित्रपटात कडव्यांमधली जागा मोकळी नसते. तिथे पडद्यावर काहीतरी घडायचं असतं, म्हणून वाद्यमेळाला ती भरावी लागते. बंदिशीत तसा वेगळा तुकडा नसतो, आवाज थांबला की साथीदार त्याची ओळ हातात घेतो, एवढंच.

८. अल्लादिया खाँसाहेबांचं स्वतःचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

मिळणार नाही. त्यांनी ध्वनिमुद्रण होऊ दिलं नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत शिष्यांच्या गळ्यातून आली : केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, आणि खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ-भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. ‘खाँसाहेबांची म्हणून’ कुणी ऑडिओ पाठवला तर तो प्रकल्पात घालू नका.

९. ‘खाँसाहेबांचा आवाज बिघडला म्हणून जयपूर गायकी अशी झाली’ असं लिहिलं तर चालेल?

हे ‘असं सांगितलं जातं’ म्हणूनच लिहा. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बिघडला आणि नंतर त्यांनी गायकी नव्याने बांधली, ही गोष्ट परंपरेत सांगतात. समजा ती पूर्ण खरी धरली, तरी प्रश्न उरतोच. केसरबाई आणि मोगूबाई यांचे आवाज बिघडलेले नव्हते. त्यांनी ती गायकी का पुढे नेली? गायकी सुरू होण्याचं कारण आणि ती टिकण्याचं कारण वेगळं असू शकतं. तुलनात्मक अभ्यासात ‘म्हणून’ हा शब्द लिहिताना हात जरा थांबवा.

१०. आमचे गुरुजी म्हणतात, शास्त्रीय आणि चित्रपटगीत यांची तुलनाच होऊ नये. काय उत्तर देऊ?

वाद घालू नका, गुरुजींच्या म्हणण्यात एक खरी काळजी आहे. चित्रपटगीत रागाच्या मापाने मोजलं तर त्यावर अन्याय होतो आणि बंदीश ‘लोकांना भिडते का’ या मापाने मोजली तर तिच्यावर. त्यांना सांगा की तुम्ही क्रम लावत नाही आहात. दोन्ही रचना आपापलं काम कसं करतात, एवढंच बघता आहात. भैरवीने कथा सांगायची नाही, आणि लोहारणीने तान घ्यायची नाही. ज्याचं जे काम नाही ते त्याने केलं नाही, हा दोष होत नाही.

आणि कोल्हापुरात ही भिंत तशीही कधी फार उंच नव्हती. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांना हार्मोनियमची साथ करत, अल्लादिया खाँसाहेबांना गुरुस्थानी मानत, नाटकांना चाली देत आणि बोलपटात कामही करत. एकाच माणसाच्या कानात हे सगळं नांदत होतं.

११. एकाच गाण्याच्या दोन प्रती ऐकल्या तर पट्टी वेगळी येते. कोणती खरी?

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हे नेहमी होतं. तबकडी ज्या वेगाने मुद्रित झाली त्याच वेगाने फिरवून उतरवली नसेल, तर सगळं गाणं वर किंवा खाली सरकतं. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की गाणं अर्धा सूर चढतं. त्याबरोबर लांबीही घटते : साडेतीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं अठरा सेकंदांवर येतं. म्हणून आधी दोन्ही प्रतींची लांबी बघा.

मी यात तोंडघशी पडले आहे. एका बैठकीत पंचवीसेक लोकांसमोर मी गायिकेच्या चढ्या पट्टीवर दहा मिनिटं बोलले, त्यावरून तिच्या तालमीबद्दलही निष्कर्ष काढला. मागे बसलेल्या काकांनी पेटीवर सूर धरून शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडची प्रत अर्ध्या सुराने खाली आहे. घरी जाऊन तपासलं, त्यांचंच बरोबर होतं. माझा निष्कर्ष एका चुकीच्या वेगाने फिरलेल्या तबकडीवर उभा होता. तेव्हापासून पट्टीबद्दल काही म्हणायचं तर तीन प्रती ऐकल्याशिवाय म्हणत नाही. स्वरांतलं अंतर, म्हणजे भैरवीतले कोमल रे, ग, ध, नी, मात्र वेग बदलला तरी एकमेकांच्या नात्यात तसेच राहतात. त्यावर निर्धास्तपणे लिहा.

१२. ‘आनंदघन’ कोण? आणि हे तुलनेत कामाचं आहे का?

लता मंगेशकर. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांचं संगीत त्यांनी या नावाने केलं. कामाचं नक्कीच आहे. ‘ऐरणीच्या देवा’त चाल बांधणारी आणि गाणारी एकच आहे, तरी चाल ठरलेली आहे. बंदिशीत आराखडा परंपरेचा असतो आणि गायिका त्यातलं बरंचसं गाता गाता घडवते. ‘रचना कुणाची?’ या प्रश्नाला दोन्ही ठिकाणी सरळ उत्तर मिळत नाही, आणि ते का मिळत नाही यावर एक चांगला परिच्छेद होतो.

१३. मला पोवाडा घ्यायचाय, अफझलखान वधाचा. काळ कोणता लिहू?

दोन काळ लिहा. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, आणि त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा त्याच पिढीतला. पण आज तुमच्या कानावर पडणारा पोवाडा विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातल्या शाहिराने गायलेला असतो. चाल, डफाचा ठेका, तुणतुणं, झिलकऱ्यांची (मागे उभं राहून साथ देणाऱ्यांची) ‘जी जी’ हे सगळं त्या गाणाऱ्याच्या काळाचं. शाहीर पिराजीराव सरनाईकांसारख्या कोल्हापूरच्या शाहिराचं ध्वनिमुद्रण घेतलंत, तर शब्दांचा संदर्भ शिवकाळाचा आणि गाण्याचा संदर्भ त्यांच्या काळाचा. दोन्ही एकात मिसळले की ‘शिवकाळात डफ असाच वाजत असे’ अशी विधानं तयार होतात.

१४. ‘जात कहाँ हो’ अंतराळात गेलं, हा संदर्भ धरायचा का?

धरा, पण योग्य खणात ठेवा. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत जगभरातल्या २७ संगीतरचना आहेत, त्यातली ही एक, साडेतीन मिनिटांची. तिच्या यादीत ‘भारत, राग’ असं लिहून पुढे रचनेचं आणि सूरश्री केसरबाईंचं नाव दिलेलं आहे. व्हॉयेजर १ आज सूर्याच्या वाऱ्यांच्या कक्षेबाहेर आहे.

हा रचनेच्या जन्माचा संदर्भ नाही, तिच्या नंतरच्या आयुष्याचा आहे. केसरबाईंनी गाताना याची कल्पना केलेली नव्हती, म्हणून गाण्यातलं काहीही यावरून समजावता येत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जे घराणं अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांसाठी ओळखलं जातं, त्याची जगाबाहेर गेलेली रचना भैरवीतली, म्हणजे मैफील संपवताना गातात त्या, सगळ्यांच्या ओळखीच्या रागातली आहे. एका रचनेवरून घराण्याबद्दल बोलू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

१५. कोल्हापुरात या अभ्यासासाठी कुठे जाऊ?

गायन समाज देवल क्लबच्या मैफिलींना जा, मायक्रोफोन आणि प्रत्यक्ष आवाज यांतला फरक तिथे पुढच्या रांगेत बसून कळतो. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. ग्रंथालयात जुने दिवाळी अंक मागा, नाटक आणि चित्रपटसंगीतावर त्यात पुष्कळ सापडतं.

१६. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसांची मतं प्रकल्पात चालतात का?

चालतात, आणि कधी कधी तीच सगळ्यात उपयोगी पडतात. मत मात्र ‘छान वाटलं’ असं नको, त्या माणसाच्या हाताला जे माहीत आहे ते विचारा.

आमच्या वर्गात उद्यमनगरच्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेले एक काका येतात. वडील लोहार. ‘ऐरणीच्या देवा’ लावलं की बाकी सगळे ठेका मोजायचे, हे मान खाली घालून उजवा हात मागेपुढे करायचे. विचारलं तर म्हणाले, ‘तुम्ही सगळी घाव मोजताय. ह्यो भात्याचा हात हाय. घाव घालणारा दम खातो, भाता मारणाऱ्याला थांबता येत नाही, आग बसती.’ मग त्यांनी परत गाणं लावायला सांगितलं आणि भाता ओढत असल्यासारखा हात हलवत राहिले. सूर लांबतो तिथे हात मागे, ओळ संपते तिथे पुढे. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याबरोबर हात हलवून ऐकलं. माझ्या तक्त्यात ‘ताल’ आणि ‘लय’ हे दोन रकाने होते, श्वासाला रकाना नव्हता. तो त्या दिवशी घातला, आणि मग भैरवीतही केसरबाईंचा श्वास कुठे मोडतो ते मोजायला लागलो.

असं काही मिळालं तर त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. त्याचा धंदा लिहा, कारण साक्षीचं वजन त्यातूनच कळतं. नाव छापायचं असेल तर आधी विचारा.